डाव्या चाकाची खटखट

1 ऑक्टोबरची पहाट होती. पावसाळ्याचे तीन महिने बंद असलेलं जंगल त्या दिवशी उघडणार होतं. साडेचारला मी जिप्सी अंगणातून काढली, आणि दारापुढच्या नालीवरून डावं चाक खाली उतरताना तो आवाज पहिल्यांदा आला. खट. एकदाच. मी थांबलो, कान दिला, स्टेअरिंग थोडं हलवून पाहिलं. काहीच ऐकू आलं नाही. गेटवर पोचायला उशीर होत होता. चाकाखाली दगड आला असेल असं धरून मी निघालो.

त्या एका आवाजाचं मूळ सापडायला पुढे सात आठवडे गेले. मधल्या काळात मी नको ते सुटे भाग बदलले, नको तिथे पैसे घातले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माझ्या भरवशावर गाडीत बसलेल्या माणसांना एका झिजत चाललेल्या सांध्यावर रोज जंगलात फिरवलं. त्या सात आठवड्यांत काय चुकलं आणि शेवटी दुखणं कसं पकडलं, ते जसं घडलं तसं सांगतो. आमच्या गेटवर आणि दुसऱ्या गेटांवर अशा गाड्या चालवणाऱ्या एखाद्याला तरी त्याचा उपयोग होईल.

मी साकोली तालुक्यातला. घरी धानाची शेती आणि दारात एक जुनी जिप्सी. नागझिरा 1970 साली अभयारण्य झालं, 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याआधी 1999 मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा नागझिऱ्याचं बरंचसं जंगल तिकडे गेलं, पण पिटेझरीचं गेट आमच्या भंडारा जिल्ह्यात राहिलं. त्या गेटवर कितीतरी घरांची चूल पेटते. गाइड, गाडीवाले, चहावाले, राहायची सोय करणारे. ऑक्टोबर ते जून हा आमचा हंगाम. उरलेले तीन महिने रोवण्याचे.

जिप्सी ही गाडी 1985 साली बाजारात आली आणि 2019 च्या सुमारास बंद झाली. म्हणजे आज सफारीत धावणारी प्रत्येक जिप्सी वयानं मोठी आहे. कुठलीही घ्या, ती दोन-तीन हातांतून फिरून आलेली असते. तरी आम्ही तिला सोडत नाही, कारण ती हलकी आहे, वरून उघडी आहे, आणि तिचं सगळं साधं आहे. पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, त्यावर कमानीचे पाटे. स्टेअरिंगच्या पेटीतून एक दांडा निघतो, तो चाकाला वळवतो, आणि दुसरा लांब दांडा दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो. हा दुसरा दांडा म्हणजे टाय रॉड. त्याच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात, त्यांना आम्ही नुसतं 'एंड' म्हणतो. माणसाच्या खुब्यात जशी वाटीत गोटी बसलेली असते, तसाच हा सांधा. लोखंडी वाटी, तिच्यात स्टडची गोटी, मध्ये ग्रीस, आणि वरून रबराची टोपी. ती टोपी शाबूत आहे तोवर सांधा शाबूत. हे शेवटचं वाक्य मला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

पहिल्या आठवड्यात खटखट रोज येऊ लागली. रपट्यावरून उतरताना, मुरमाच्या रस्त्यावर पडलेल्या वळ्यांवरून जाताना, आणि नेहमी डावं चाक खड्ड्यात गेलं की. डांबरी रस्त्यावर गाडी गुपचूप. मागे बसलेल्यांना कळत नव्हतं, ते झाडांकडे पाहत असायचे. मला मात्र प्रत्येक खट तळपायाला लागायची.

गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथल्या माणसानं चालवून पाहिली नाही, खाली शिरून पाहिलं नाही. बॉनेटवर हात टेकवून दोनदा दाबलं आणि म्हणाला, शॉकअप गेले. मलाही ते पटलं, कारण खड्ड्यात आवाज म्हणजे शॉकअप हे आम्ही सगळेच धरून चालतो. दोन्ही पुढचे शॉकअप बदलले. आवाज होता तसाच राहिला. आठ दिवसांनी परत गेलो, तेव्हा त्यानं डावीकडचे शॅकलचे बुश बदलले. दोन दिवस आवाज दबल्यासारखा वाटला, मग पुन्हा सुरू. तोवर एक नवी गोष्ट लक्षात येऊ लागली होती. महामार्गावर पन्नासच्या वर गेलं की स्टेअरिंगला बारीक थरथर यायची. ती सांगितली, तर त्यानं स्टेअरिंगचा डॅम्पर बदलला.

डॅम्पर बदलल्यावर थरथर गेली. मी खूश झालो. आज मागे वळून पाहताना माझं सगळ्यात मोठं चुकलं ते इथंच. स्टेअरिंगचा डॅम्पर हा एक आडवा शॉकअप. चाकाकडून येणारे झटके स्टेअरिंगपर्यंत पोचू नयेत म्हणून तो असतो. दांड्यांचे सांधे ढिले झाले असतील तर तो ते घट्ट करत नाही, फक्त त्यांचं थरथरणं दाबून धरतो. दाढ किडली असताना दुखरी जागा बधिर करून घ्यावी आणि कीड गेली म्हणून निश्चिंत व्हावं, तसं मी केलं. आणि त्या निश्चिंतपणात आणखी तीन आठवडे गाडी भरून हिंडवली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारची फेरी संपवून पर्यटकांना सोडलं आणि एकटा साकोलीकडे निघालो. ट्रकांनी गजबजलेला तो मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. संध्याकाळ होत आली होती. वेग पंचावन्नच्या आसपास. एका पुलाच्या सांध्यावरून पुढची चाकं गेली आणि काही कळायच्या आत स्टेअरिंग माझ्या हातातून ओढलं गेलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, इतक्या झपाट्यानं की चक्राच्या आऱ्या दिसेनात. पुढचं सगळं लोखंड धडधडत होतं. पुढच्या काचेची चौकट हलत होती. मागून ट्रक येत होता, त्याचा भोंगा कानात घुमत होता.

ब्रेकवर जोरात पाय द्यावा असं अंगातून येत होतं. दिला नाही. कधीतरी एका जुन्या चालकानं सांगितलेलं आठवलं, की पुढची चाकं अशी नाचू लागली तर पाय फक्त ॲक्सिलरेटरवरून काढायचा, चक्र दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, त्याच्याशी झुंजायचं नाही, वेग आपोआप उतरू द्यायचा. पंचेचाळीस. चाळीस. पस्तीसला येता येता थरथर एकाएकी थांबली, जणू काही झालंच नव्हतं. गाडी कडेला घेतली. हात मनगटापासून थरथरत होते. बसल्या जागी मला एकच दिसत होतं: सकाळच्या फेरीत मागच्या बाकावर बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी, गळ्यात तिच्या बाबांची दुर्बीण, उभं राहू का म्हणून सारखी विचारणारी. तिच्या आईनं उतरताना माझे आभार मानले होते.

तिथून विसाच्या वेगानं साकोली गाठली. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत. जुन्या जिपांपासून त्यांनी हात काळे केलेत. दुकान म्हणजे मोहाच्या झाडाखालचं टिनाचं छप्पर. मी त्यांना शॉकअप, बुश, डॅम्पर सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, आता काय बदलायचं?

"बदलाचं मंग पाहू," ते म्हणाले. "आंधी सांग, आवाज कवा येते जी? ब्रेक मारल्यावर येते का? गाडी उभी असताना चक्र फिरवलं तं येते का? वळणावर जास्त का सरळ रस्त्यावर?"

मी एकेकाचं उत्तर देत गेलो. ब्रेकवर नाही. वळणावर थोडा. उभ्या गाडीत पहिल्या दिवशी थोडं हलवलं होतं, नंतर कधी पाहिलंच नाही. डावं चाक खड्ड्यात गेलं की हमखास. म्हणून डावीकडेच बिघाड आहे, असं मी ठासून सांगितलं.

"खड्ड्यात चाक डावं पडते, म्हणून तू डावीकडं पाहून राहिला," ते म्हणाले. "पन दांडा तं दोन्ही चाकाचा एकच आहे ना बाबू. इकडून ढकलला का तिकडं आदळते."

अंधार पडला होता. गाडी तिथेच ठेवून मी एसटीनं घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच परत आलो. त्यांनी त्या सकाळी केलेली तपासणी मी पायरीपायरीनं मनात कोरून ठेवली आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी गाडी उचलली नाही. मला वाटलं होतं जॅक लावून चाकं हलवतील. ते म्हणाले, सांध्यावर गाडीचं वजन असतानाच तो खरा ढिलेपणा दाखवतो. गाडी सपाट जागी उभी, चाकं सरळ, इंजिन बंद. पॉवर स्टेअरिंगची गाडी असती तर इंजिन चालू ठेवावं लागलं असतं, माझ्या गाडीला ते नाही. मला चक्रावर बसवलं आणि सांगितलं की पूर्ण फिरवू नको, घड्याळातल्या अकरापासून एकपर्यंत, इतकंच, पण चटचट. इकडं तिकडं, इकडं तिकडं. चाकं जमिनीला धरून राहायला हवीत, फक्त दांड्यांवर ताण यायला हवा. मग ते गोणपाट टाकून पुढून गाडीखाली सरकले.

मी चक्र हलवत राहिलो आणि ते खालून एकेक जागा सांगत गेले. स्टेअरिंगची पेटी चेसिसवर हलते का, बोल्ट ढिले आहेत का. नाही. पेटीतून निघणाऱ्या दांड्याचा पहिला सांधा. ठीक. त्याच दांड्याचं दुसरं टोक. ठीक. टाय रॉडचा डावा एंड. किंचित, पण चालण्यासारखा. मग थोडा वेळ शांतता. मग खालून आवाज आला, "उतर. आता तू ये खाली."

दुकानातला मुलगा चक्रावर बसला आणि मी मिस्त्रींच्या शेजारी पाठीवर सरकलो. त्यांनी माझा उजवा हात धरून उजव्या चाकाजवळच्या एंडवर ठेवला. दोन बोटं दांड्याच्या बाजूला, अंगठा चाकाच्या आर्मवर, म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजू एकाच मुठीत. मुलानं चक्र हलवलं. आधी दांडा सरकला. मग, डोळ्याची पापणी लवेल इतक्या उशिरानं, आर्म सरकला. त्या दोहोंच्या मध्ये माझ्या हाताच्या पकडीत एक बारीक टक लागली. पुन्हा. पुन्हा. तीच ती खट. सात आठवडे जी कानाला डावीकडे ऐकू येत होती, ती माझ्या बोटांत उजवीकडे वाजत होती.

"कान फसवते," मिस्त्री म्हणाले. "लोखंडातून आवाज कुठूनबी निंगते अन् कुठंबी पोचते. हात ठेवून पाह्य."

मी तसाच पडून राहिलो. वर जिप्सीचं काळं पोट, नाकात ग्रीस आणि चिखलाचा वास. हे करायला ना कोणतं यंत्र लागलं, ना पैसे. दोन माणसं लागली आणि पाच मिनिटं.

बिघाड सापडला म्हणून मिस्त्री थांबले नाहीत. एक सापडलं की दुसरं लपतं, असं ते म्हणाले. आता त्यांनी पुढचा ॲक्सल जॅकनं उचलून खाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधीच गाडीखाली जात नाहीत, वर लाकडाचा ठोकळाही ठेवतात. मग एकेक चाक वरखाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर हात ठेवून, हलवलं. उजवं घट्ट होतं. डाव्याला बारीकसा खेळ होता. आता हा खेळ चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा? मला त्यांनी ब्रेक दाबून धरायला लावला आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचं नकल एकजीव होतं. मग खेळ नाहीसा झाला तर समजायचं दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तसाच राहिला तर दोष त्याच्या मागे, किंगपिनमध्ये. माझा तसाच राहिला. जिप्सीचं नकल वरच्या आणि खालच्या किंगपिनवर, दोन बेअरिंगांत फिरतं, आणि पिनेखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. बेअरिंग झिजलं नसेल तर चकती कमी करून ते पुन्हा आवळता येतं.

मग हात नऊ आणि तीनवर ठेवून चाक आडवं हलवलं. उजवं चाक हललं आणि डावं जागेवर राहिलं. टाय रॉडनं बांधलेली दोन चाकं एकमेकांना विचारल्याशिवाय हलता कामा नयेत. इथे ती हलत होती. महामार्गावर जे घडलं त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. पुलाच्या सांध्यावर एका चाकाला धक्का बसला, ते वळलं, दुसऱ्यानं त्याला लगेच आवरलं नाही, मग ते परत आलं, आणि त्या वेगाला हा झोका प्रत्येक फेरीत वाढत गेला. अंगणातला झुलता पाळणा जसा नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यानंही उंच जातो, तसा. नवा डॅम्पर तो झोका तीन आठवडे दाबत राहिला, आणि शेवटी त्यालाही तो झेपला नाही.

पाटे, मधला सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, शॅकल, सगळं पहारीनं उचकून पाहून झालं. मग एंड काढायला घेतला. किल्लीसारखी दुमडलेली स्प्लिट पिन सरळ करून ओढली, कंगोऱ्याचा नट सैल केला पण पूर्ण काढला नाही, नाहीतर सांधा सुटताना दांडा तोंडावर येतो. स्टड आर्मच्या भोकात निमुळता, घट्ट बसलेला असतो. नवशिका असतो तो स्टडच्या डोक्यावर हातोडी मारतो आणि आटे बिघडवतो. मिस्त्रींनी आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोड्या एकाच वेळी मारल्या. तिसऱ्या ठोक्याला स्टड आपणहून खाली उतरला.

तो एंड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. शेजारी नवा ठेवला. नव्याचा स्टड अंगठ्यानं जोर लावूनही जेमतेम कलत होता, मऊ पण घट्ट. जुन्याचा स्टड हात तिरका केला की आपल्याच वजनानं इकडून तिकडे लोळत होता, सैल दातासारखा. रबराची टोपी एका बाजूनं बोटभर फाटलेली. आत ग्रीस नव्हतंच. होता तो गंजाचा लालसर गाळ, वाळूचे कण मिसळलेला. गोटीची एक बाजू घासून चपटी झाली होती, आरशासारखी चकाकत होती, आणि वाटीचा काठ पातळ पडून बाहेर वळू लागला होता.

"आनखी थोडा काठ उघडला असता तं गोटी बाहेर," मिस्त्री म्हणाले. त्यापुढे काही बोलले नाहीत. गोटी वाटीतून निसटली की एक चाक चक्राचं ऐकतं आणि दुसरं वाटेल तिकडे वळतं. नागझिऱ्याच्या आतले रस्ते मला पाठ आहेत. कुठे उतार आहे, कुठे नाल्याच्या कडेनं वळण आहे, कुठे तलावाच्या काठाकाठानं जावं लागतं. तो एंड हातात घेऊन मी एकेक जागा आठवत बसलो.

टोपी कुठे फाटली तेही मला कळलं. आमच्याकडे वर्षाला 1,300 मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि रोवण्याच्या दिवसांत बांधीत पोचायला पांदण रस्ता उरतच नाही, नुसता चिखल. त्या जुलैत पऱ्ह्यांच्या पेंढ्या आणि रोवण्याच्या बाया नेण्यासाठी मी जिप्सीच वापरली. एकदा धुऱ्यावर चाक चढवताना गेल्या वर्षीच्या तुरीचं खुंट उजव्या बाजूनं खाली घासलं होतं. ते मला आठवतं, कारण तेव्हा मी उतरून फक्त टायर पाहिलं होतं. त्यानंतर महिनाभर गाडी गुडघाभर पाण्यातून गेली. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी गाडी चकचकीत दिसावी म्हणून वॉशिंगवर नेऊन खालून जोराच्या फवाऱ्यानं धुऊन घेतली. फाटक्या टोपीतून उरलंसुरलं ग्रीस त्या पाण्यानं बाहेर काढलं आणि चिखल आत नेला. गाडी वरून नवी दिसत होती आणि आतून सांधा कोरडा पडला होता.

माझे वडील बंडी हाकायचे. बाजाराला निघायच्या आधी ते चाक आसावरून थोडं सरकवून वंगण द्यायचे, मग चाक दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवून पाहायचे. लहानपणी मला वाटायचं, हा त्यांचा निघण्याआधीचा नमस्कारच आहे. त्या सकाळी कळलं की ते सांध्याचा खेळ बघत होते. त्यांच्या हाताला जे माहीत होतं ते मी इंजिनाची गाडी घेतल्यावर गॅरेजवर सोपवून दिलं होतं.

दुपारी नवे एंड बसवले, दोन्ही बाजूंचे, कारण डावीकडच्या टोपीलाही भेगा होत्या. जुना एंड सोडवताना मिस्त्रींनी किती आटे फिरले ते मोजून ठेवले होते, नवा तितकाच आत घेतला. टाय रॉडच्या एका टोकाचे आटे सुलटे आणि दुसऱ्याचे उलटे असतात, त्यामुळे मधली नळी फिरवली की दोन्ही चाकांमधलं अंतर कमीजास्त होतं. ते जुळवायला त्यांनी चाकांच्या मधोमध खडूनं रेघ ओढली आणि बांबूच्या सरळ काठीनं आधी मागचं अंतर घेतलं, मग पुढचं. पुढचं अंतर मागच्याहून काही मिलीमीटर कमी हवं, म्हणजे धावताना चाकं सरळ राहतात. तीन वेळा मोजलं. डाव्या किंगपिनखालची एक चकती काढली, आणि नकलला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून पाहिलं की ते फार जड तर झालं नाही ना. शेवटी नट आवळून नव्या स्प्लिट पिना घातल्या. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालू का, असं मी विचारलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. दोन रुपयांची वस्तू आहे, आणि नट तिच्याच भरवशावर राहतो.

दोन एंडांची किंमत मी आधी शॉकअपवर घातलेल्या पैशांच्या पासंगालाही पुरली नसती. मिस्त्रींनी मजुरी सांगितली तीही थोडीच. मी जास्त देऊ केली, त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "एवढं कर, गेटवरच्या पोट्ट्यांना हात ठेवाले शिकव."

त्याच महामार्गावर, त्याच पुलावरून मी गाडी नेली. आधी चाळीसनं, मग पन्नासनं, मग साठनं. चक्र एका हातात शांत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पिटेझरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा नालीवरून, मुरमाच्या वळ्यांवरून, पहिल्या रपट्यावरून कान देत गेलो. पाट्यांची नेहमीची कुरकुर होती. खट नव्हती.

मिस्त्रींनी सांगितलेलं मी पाळतो. आता दर रविवारी शेवटची फेरी संपली की गेटजवळ आम्ही पाच-सहा जण एकमेकांच्या गाड्या पाहतो. एक चक्रावर, एक खाली. आधी रबराच्या टोप्या बोटानं चाचपायच्या, ओलसर ग्रीस बाहेर आलंय का पाहायचं, मग दांड्यावर आणि आर्मवर एकत्र हात. टायरची झीज पाहायची. एकाच कडेला झिजत असेल, किंवा वरून हात फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागत असेल, तर चाकं सरळ धावत नाहीत. मागच्या हंगामात एका तरुण चालकाच्या गाडीची टोपी अशीच फाटलेली सापडली. आत ग्रीस अजून होतं, गोटी चांगली होती. त्यानं लगेच बदलून घेतलं. त्याच्या गाडीनं कधी आवाज केलाच नव्हता, आणि आवाज होईपर्यंत थांबायचं नसतं हेच आम्ही त्याला सांगितलं.

आणखी एक मी मनाशी धरलं आहे. कुणी एखादा भाग बदला म्हणालं की मी विचारतो, त्यात खेळ आहे हे मला हातानं दाखवा. जो दाखवू शकतो त्याच्याकडे काम करतो. अंदाजानं बदललेला भाग पैसे खातो हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे तो मनाला खोटी शांतता देतो, आणि त्या शांततेत खरं दुखणं वाढत राहतं. मी तीन आठवडे तसाच निश्चिंत होतो.

यंदा रोवण्याला जिप्सी नेली नाही, ट्रॅक्टर भाड्यानं केला. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, जंगल उघडायच्या आधी, गाडी अंगणात सपाट जागी लावली आणि गोणपाट टाकून खाली सरकलो. माझी मुलगी आता दहावीत आहे, तिला चक्रावर बसवलं. अकरापासून एकपर्यंत, चटचट, असं सांगितलं. तिनं बरोबर तसंच हलवलं. मी डाव्या एंडवर हात ठेवला, मग उजव्या. दांडा आणि आर्म एकाच वेळी सरकत होते, एकाच वेळी थांबत होते. हाताला काही लागत नव्हतं. तरी मी थोडा वेळ हात तसाच ठेवला.

"झालं का बाबा?" वरून तिनं विचारलं.

"आणखी थोडं हलव," मी म्हणालो.